परदेशी बूट मागवताना नंबर कसा काढावा

जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका तरुण अभियंत्याने विचारले आहे की, त्यांना अमेरिकेतील एका कारखान्याचे घोट्यापर्यंतचे, लेस बांधायचे चामडी बूट थेट तिकडून मागवायचे आहेत. त्यांच्या स्पोर्ट्स शूजवर ९ नंबर आहे, नवी पेठेतून घेतलेला ऑफिसचा काळा बूट ८ नंबरचा आहे, आणि चपलेचा नंबर त्यांनी कधी पाहिलेलाच नाही. नंबर जुळवण्याच्या तक्त्यात ब्रिटिश ९ समोर अमेरिकन १० लिहिले आहे, तेव्हा १० मागवावा का, असा त्यांचा प्रश्न आहे. माझ्या मते १० मागवू नये. तो त्यांना एक ते दीड नंबरने मोठा होईल, आणि हे मी अंदाजाने सांगत नसून त्यांनी नंतर पाठवलेल्या मापांवरून सांगत आहे. गेली २७ वर्षे सोलापुरात बूट शिवणे आणि दुरुस्त करणे हाच माझा व्यवसाय आहे, आणि अलीकडे दुरुस्तीला येणाऱ्या महागड्या परदेशी जोड्यांपैकी अनेकांची तक्रार झिजण्याची नसते, मुळात चुकीच्या नंबराची असते.

बुटावरचा नंबर हे पायाचे माप आहे, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ते ज्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या साच्यावर बूट ओढला जातो त्या कलबुताचे माप असते. या साच्याला आमच्या धंद्यात फर्मा किंवा लास्ट असेही म्हणतात. इंग्लंडमध्ये हे माप जवाच्या दाण्यावर बेतलेले आहे. एक दाणा म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे ८.४६ मिलिमीटर, आणि एका नंबराचे पुढच्या नंबराशी तेवढेच अंतर. आपल्या जुन्या मापांतही आठ यवांचे एक अंगुल होतेच, त्यामुळे दाण्याने मोजण्यात हसण्यासारखे काही नाही. कलबुताची लांबी इंचांत घेऊन तिला तीनने गुणावे आणि त्यातून २५ वजा करावेत, म्हणजे मोठ्या माणसांचा ब्रिटिश नंबर येतो. अमेरिकेत पुरुषांच्या बुटांसाठी २५ ऐवजी २४ वजा करतात, म्हणून तिकडचा आकडा साधारण एकाने जास्त दिसतो. भारतातला नंबर ब्रिटिश पद्धतीचाच आहे. युरोप खंडातील देशांत दोन-तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे ६.६७ मिलिमीटर, हे एकक चालते. तिथे कलबुताची सेंटिमीटरमधील लांबी दीडपट केली की ४१, ४२, ४३ असे आकडे मिळतात. जपानी पद्धत आणि स्कीईंगच्या बुटांची मोंडोपॉइंट पद्धत मात्र पायाचीच लांबी सांगतात, पहिली सेंटिमीटरमध्ये आणि दुसरी मूळ मिलिमीटरमध्ये, आणि मला विचाराल तर सर्वांत प्रामाणिक पद्धती याच.

सूत्रे इतकी स्वच्छ असूनही तक्ते जुळत नाहीत, कारण कलबुतात पायापेक्षा किती जागा जास्त ठेवायची हे प्रत्येक कारखाना आपल्या मनाने ठरवतो. हे घरबसल्या पडताळता येते. आदिदासच्या पुरुषांच्या जोडीवर ब्रिटिश ८ समोर अमेरिकन ८.५ छापलेले असते, तर नायकीच्या जोडीवर त्याच ब्रिटिश ८ समोर अमेरिकन ९ असते. दोन्ही कंपन्या जगभर विकतात आणि दोघींचेही आपापल्या परीने बरोबर आहे. म्हणून एका कंपनीच्या नंबरावरून दुसऱ्या कंपनीचा नंबर काढण्यात, आणि विशेषतः स्पोर्ट्स शूजवरून चामडी बुटाचा नंबर काढण्यात, चूक जवळजवळ ठरलेली असते. स्पोर्ट्स शूजच्या पुढे मऊ जाळी आणि आत फोम असतो, शिवाय धावताना बोटे पुढे सरकतात म्हणून आपण तो मुद्दाम मोठा घेतो. चामडी बुटात ही सवलत उपयोगाची नाही.

आता मोजण्याविषयी सविस्तर सांगतो, कारण सगळे यावर अवलंबून आहे आणि नेमक्या याच कामात लोक घाई करतात. पाय संध्याकाळी मोजावा; सकाळी तो किंचित लहान असतो आणि दिवसभराच्या उभे राहण्याने भरतो. मात्र गड्ड्याच्या यात्रेत दिवसभर फिरून आल्यावर किंवा पंढरपूरची पायवारी करून आल्यावर लगेच मोजू नये, कारण तो तुमचा रोजचा पाय नव्हे. खाली शहाबादी फरशीसारखी कडक, सपाट जमीन असावी. गालिच्यावर किंवा सतरंजीवर कागद दबतो आणि माप बिघडते. जे मोजे बुटात घालणार आहात तेच घालून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे, आणि माप दुसऱ्या व्यक्तीकडून घ्यावे, कारण स्वतः वाकलात की भार चवड्यावर जातो आणि पाय पसरतो. टाच भिंतीला लावून मोजा असे सगळीकडे सांगितले जाते, पण आपल्या घरांत भिंतीच्या तळाशी फरशीची पट्टी पुढे आलेली असते, ती टाचेच्या गोलाईला कुठे टेकते हे दिसत नाही. त्यापेक्षा टाचेमागे एक जाड पुस्तक उभे करावे, सर्वांत लांब बोटापुढे दुसरे उभे करावे, आणि दोहोंमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही. पुष्कळांचे शेजारचे बोट लांब असते. पेन्सिलीने पायाची आकृती काढायची असेल तर पेन्सिल अगदी उभी धरावी. ती आत कलली की पाय अरुंद होतो, बाहेर कलली की रुंद, आणि दोन्ही बाजूंचे मिळून पाच-सहा मिलिमीटर सहज चुकतात.

लांबीनंतर आणखी तीन मापे घ्यावीत. चवड्याची रुंदी, म्हणजे अंगठ्याच्या मुळाच्या हाडापासून करंगळीच्या मुळाच्या हाडापर्यंतचे तिरके अंतर. त्याच दोन हाडांवरून फिरवलेल्या टेपने चवड्याचा घेर; गणवेश शिवणाऱ्या या शहरात शिंप्याची टेप सापडली नाही असे घर विरळाच. आणि टाचेपासून अंगठ्याच्या मुळाच्या हाडापर्यंतची लांबी. हे शेवटचे माप बहुतेक लोक घेतच नाहीत, पण बूट बनवणाऱ्याच्या दृष्टीने तेच मुख्य आहे, कारण बूट वाकतो तो तिथे. अमेरिकेत सिरॅक्यूज येथील चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात पाय मोजण्याचे जे धातूचे यंत्र काढले, ते आजही तिकडच्या दुकानांत वापरले जाते आणि त्यावर टाच ते बोट, टाच ते चवडा आणि रुंदी अशी तिन्ही मापे निघतात. पहिल्या दोन मापांतून वेगवेगळे नंबर आले तर मोठा धरावा, असा त्यांचा नियम आहे. आखूड बोटांच्या पण लांब चवड्याच्या माणसाने फक्त बोटापर्यंत मोजले, तर बूट त्याच्या पायाच्या वाकण्याच्या जागेच्या मागेच वाकतो आणि कमानीखाली टोचत राहतो. दोन्ही पाय मोजावेत. ते क्वचितच सारखे असतात, आणि नंबर मोठ्या पायाचा धरावा.

काही कंपन्या छापून घेण्याचा कागदी मापपट्टा देतात, त्याबद्दल एक सूचना. अमेरिकन कागद २१६ मिलिमीटर रुंद असतो, आपला ए-फोर २१० मिलिमीटर. छापताना पानात बसवण्याचा पर्याय सुरू राहिला तर पट्टा सुमारे तीन टक्क्यांनी आखडतो, आणि २६२ मिलिमीटरचा पाय त्यावर २६९ चा दिसतो. म्हणजे जवळजवळ एक नंबर हकनाक वाढला. छपाई शंभर टक्क्यांवर ठेवावी आणि कागदावरच्या पट्टीने बँकेचे एटीएम कार्ड मोजून पाहावे. त्याची लांबी ८५.६ मिलिमीटर भरली पाहिजे.

प्रश्नकर्त्यांनी पाठवलेली मापे अशी आहेत: उजवा पाय २६२ मिलिमीटर, डावा २५९, आणि चवड्याची रुंदी १०५. ब्रॅनॉकच्या हिशेबात पायाची लांबी इंचांत घेऊन तीनने गुणतात आणि २२ वजा करतात. २६२ मिलिमीटर म्हणजे १०.३१ इंच, त्याची तिप्पट ३०.९४, त्यातून २२ गेले की ८.९४ उरतात, म्हणजे अमेरिकन ९. दुसऱ्या बाजूने पडताळून पाहू. पायापुढे कलबुतात १५ ते २० मिलिमीटर जागा धरली तर कलबूत २७७ ते २८२ मिलिमीटरचे होते, आणि त्यावरून ब्रिटिश नंबर ८ च्या आसपास व युरोपीय नंबर ४२ च्या आसपास येतो. त्यांचा ऑफिसचा काळा बूट ८ नंबरचाच आहे, म्हणजे दुकानदाराने त्यांना योग्य बूट दिला होता. चूक स्पोर्ट्स शूजच्या ९ मध्ये आहे; तो त्यांनी रुंदीसाठी वाढवून घेतला असावा, आणि त्याच वाढीव आकड्याचे अमेरिकन भाषांतर १० झाले.

अमेरिकन ९ हा तरीही शेवटचा शब्द नाही. जाड तळाचे, कामगारी वळणाचे अमेरिकन बूट अनेकदा ऐसपैस कलबुतावर बनतात, आणि रेड विंगसारखी कंपनी आपल्या हेरिटेज बुटांसाठी स्पोर्ट्स शूजच्या नंबरापेक्षा कमी नंबर घ्यायला सांगते. ब्रॅनॉकच्या मापापेक्षा अर्धा नंबर खाली जाणारे लोक पुष्कळ आहेत. त्याच कंपनीत आयर्न रेंजरचे कलबूत वेगळे आणि मोक टो बुटाचे वेगळे आहे, त्यामुळे एका बुटाचा अनुभव दुसऱ्याला लावता येत नाही. डॉक्टर मार्टेन्सच्या बहुतेक बुटांना अर्धे नंबर नसतात, म्हणून दोन नंबरांच्या मध्ये पाय असणाऱ्याने खालचा घ्यावा असे ती कंपनी सुचवते. म्हणून कंपनीला पत्र लिहिताना 'माझा नंबर नऊ आहे' असे लिहू नये. पायाची मापे मिलिमीटरमध्ये द्यावीत आणि हा विशिष्ट बूट कोणत्या कलबुतावर बनतो, ब्रॅनॉकच्या मापाशी त्याचे नाते काय आहे, हे विचारावे. जो विक्रेता याचे उत्तर देऊ शकत नाही, त्याच्याकडून इतक्या लांबून बूट मागवण्याचे धाडस मी स्वतः करणार नाही.

रुंदीच्या अक्षरांनी मात्र मलाही एकदा फसवले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका कारखान्याचे बूट मी स्वतःसाठी मागवले. अमेरिकन पद्धतीत पुरुषांची सर्वसाधारण रुंदी डी असते आणि ई म्हणजे त्याहून रुंद, एवढे मला ठाऊक होते, म्हणून ई पाहून मी निश्चिंत झालो. इंग्लंडच्या त्या कारखान्यात ई हीच सर्वसाधारण रुंदी होती, रुंद पायासाठी त्यांची अक्षरे पुढची होती. करंगळी महिनाभर सोलवटली आणि शेवटी ते बूट माझ्या पुण्याच्या भाच्याच्या पायात गेले, जिथे ते आजही मजेत आहेत. बुटांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनच्याच वेगवेगळ्या कारखान्यांत कोणाची सर्वसाधारण रुंदी ई आहे, कोणाची एफ, तर कोणी सरळ ५ असा आकडा वापरतो. ऑस्ट्रेलियाच्या आर. एम. विल्यम्समध्ये सर्वसाधारण रुंदी जी आणि रुंद एच. जपानी ई पुन्हा तिसरीच गोष्ट सांगते. अमेरिकन स्त्रियांच्या बुटांत बी सर्वसाधारण आणि डी रुंद, तर तोच डी पुरुषांच्या बुटात सर्वसाधारण. स्त्रियांनी पुरुषांचा बूट मागवताना नंबरात दीड ते दोनचा फरक धरावा लागतो, हेही ओघाने सांगून ठेवतो. सारांश, अक्षर वाचण्याआधी ते कोणत्या देशाचे आणि कोणत्या कारखान्याचे आहे हे वाचावे.

आपल्याकडे रुंदीचा प्रश्न अधिकच महत्त्वाचा आहे. आपले पाय युरोप-अमेरिकेतील लोकांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले तेव्हाही हेच आढळले, आणि भारतीय पायांसाठी स्वतंत्र नंबरपद्धतीची तयारी त्यातूनच सुरू झाली. माझ्या दुकानातला अनुभव असा की, लहानपणापासून चप्पल किंवा अनवाणी वावरलेल्या पायाची बोटे मोकळी पसरलेली असतात आणि टाच मात्र बारीक राहते. असा पाय सरळ अमेरिकन डी मध्ये घातला की करंगळीकडे दाबतो. मग माणूस पुढचा नंबर घेतो, त्यात चवडा सुटतो, पण लांबी ८.४६ मिलिमीटरने वाढलेली असते, बुटाची वाकण्याची जागा साधारण सहा मिलिमीटर पुढे सरकलेली असते आणि बारीक टाच आत उचलली जात असते. पुढे चामड्यावर अंगठ्याच्या वर तिरकी घडी पडते, ती रोज बोटावर घासते, आणि 'परदेशी बूट आपल्या पायाला मानवत नाही' असा निष्कर्ष निघतो. यावर उपाय लांबी तीच ठेवून रुंदी वाढवण्याचा आहे. प्रश्नकर्त्यांच्या कंपनीच्या रुंदीच्या तक्त्यात १०५ मिलिमीटर हे माप डी आणि डबल ई (ई च्याही पुढची रुंदी) यांच्यामध्ये पडते, आणि त्यांच्या निवडलेल्या बुटात मधली रुंदी मिळत नाही. मी डबल ई घ्यायला सांगेन, नंबर ८.५. कंपनीने हा बूट मापापेक्षा अर्धा नंबर मोठा असतो असे कळवले नाही, तर ९ घ्यावा. पण १० कोणत्याही परिस्थितीत नाही.

येथे काही जण म्हणतील की चामडे वापराने सैल होतेच, मग डी का नको. चामडे रुंदीत सैल होते, आणि वेल्ट (तळाच्या कडेने फिरवलेली चामड्याची पट्टी) शिवलेल्या बुटात आतल्या तळाखाली भरलेला कॉर्क दबून पायाला थोडी खोलीही मिळते. पण ही वाढ काही मिलिमीटरचीच असते, आणि लांबीत तर ती नसतेच. पुढे लोखंडी टोपी असलेला सेफ्टी बूट पुढच्या बाजूला मुळीच सैल होत नाही. चिंचोळी एमआयडीसीतून येणारे कामगार अंगठ्याच्या नखावरचा काळा डाग दाखवतात, तेव्हा कारण बहुधा हेच असते.

परदेशी ग्राहकांचे अभिप्राय वाचताना त्यांच्या मोज्यांचा विचार करावा. थंड प्रदेशातील माणूस जाड लोकरी मोजे घालून 'हा नंबर अगदी बरोबर बसला' असे लिहितो; आपण एप्रिल-मे महिन्यांत ४० अंशांच्या वर पारा गेलेला असताना पातळ सुती मोजा घालतो. तेवढ्यानेही बुटातली जागा बदलते. उलट उन्हाळ्यात आपला पाय संध्याकाळपर्यंत जास्त भरतो, म्हणून चामडी बूट अगदी चपखल घेण्याच्या नादाला सोलापूरकराने लागू नये.

बूट घरी आल्यावरची परीक्षा संध्याकाळीच करावी आणि जमिनीवर सोलापुरी चादरीची दुहेरी घडी घालून तिच्यावरच चालावे, म्हणजे तळावर ओरखडा उठत नाही आणि परत करण्याचा हक्क शाबूत राहतो. परतीचे भाडे आणि कस्टमची ड्यूटी यांचे काय होते, हे मागवण्याआधीच लेखी विचारून ठेवावे. ड्यूटी परत मिळवणे सोपे नसते. लेस पूर्ण बांधून अर्धा तास घरात वावरावे, जिना चढावा, उतरावा. उतरताना बोटे पुढे आदळू नयेत. टाच सुरुवातीला थोडी उचलली गेली तर घाबरू नये, कडक तळ वाकायला लागला की ते कमी होते. लेसच्या दोन्ही कडा पूर्ण आवळल्यावर एकमेकींना भिडल्या तर बूट घेराने मोठा आहे. त्या खूपच दूर राहिल्या तर पायाचा उंचवटा त्यात मावत नाही. मला नव्या बुटात साधारण बोटभर फट आवडते, कारण चामडे सैल झाल्यावर आवळायला जागा उरते. अंगठ्याच्या मुळाचे हाड बुटाच्या सर्वांत रुंद जागी बसले आहे का, हे हाताने चाचपून पाहावे. पुढचे टोक दाबून पाहण्याची आपली बाजारातली सवय येथे फारशी कामाची नाही, कारण कडक टोपीखाली काहीच कळत नाही.

एवढे करूनही थोडे चुकलेच, तर काय सुधारता येते तेही सांगतो. घेराने किंचित मोठा बूट आत पातळ चामड्याचा तळ टाकून किंवा जिभेखाली गादी लावून जुळवता येतो. करंगळीपाशी दाबणारा बूट कलबुतावर चढवून, चामडे ओलसर करून, त्या एका जागेपुरता ताणता येतो, आणि अस्तर चामड्याचे असेल तर हे काम चांगले साधते. आत पाणीरोधक पडदा असेल तर ताणण्याच्या भानगडीत मी पडत नाही. लांबीला आखूड असलेला बूट मात्र कोणीही वाढवून देऊ शकत नाही. तसा आला तर माझ्याकडे आणण्यात दोन दिवस घालवू नका, परतीची मुदत संपण्याआधी तो परत पाठवा.